पदवीच्या पुढची पायरी



ज्या घरातून पहिल्यांदाच एखादा मुलगा किंवा मुलगी कॉलेजात गेली, त्या घरातील निकालाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. मुलगा बी.ए. किंवा बी.एस्सी. झाला. बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घातला गेला, आळीत पेढे वाटले गेले, आईच्या डोळ्यांना पाणी आले. हा आनंद खरा आहे आणि तो कष्टाने मिळवलेला आहे. परंतु आठ-पंधरा दिवस गेले की त्याच घरात एक प्रश्न उभा राहतो. आता पुढे काय? वडिलांना ठाऊक नसते, आईला ठाऊक नसते, मुलालाही नीटसे ठाऊक नसते. मग कोणी सांगते कारकुनीचा अर्ज कर, कोणी सांगते बी.एड. कर, आणि मुलगा समोर दिसेल त्या वाटेला लागतो.

आता ज्या घरात आजोबा पदवीधर होते आणि आत्या प्राध्यापक आहे, ते घर पाहा. तिथल्या मुलाला हा प्रश्न पडत नाही. कोणत्या विद्यापीठात कोणता विषय चांगला शिकवतात, अर्ज केव्हा करायचा, शिष्यवृत्ती कुठे मिळते, प्राध्यापकांशी कसे बोलायचे, हे सारे जेवताना सहज त्याच्या कानावर पडलेले असते. जमीन जशी वारशाने मिळते, तशी ही माहितीही वारशाने मिळते. आपल्या मुलांची बुद्धी कमी नाही, त्यांना हा वारसा मिळालेला नाही एवढेच. मग वारसा नसलेल्यांनी काय करायचे? या प्रश्नाला अमेरिकेतील लोकांनी दिलेल्या एका उत्तराचा आज आपण अभ्यास करणार आहोत. उत्तर असे की, पदवी हातात पडण्याच्या आधीच मुलाला संशोधनाची गोडी आणि सवय लावायची.

१. ग्रंथालयातील नऊ वर्षांचा मुलगा

अमेरिकेच्या दक्षिण भागात साउथ कॅरोलिना नावाचे राज्य आहे. तेथील लेक सिटी या लहान गावात १९५० साली रॉनल्ड मॅकनेअर या कृष्णवर्णीय मुलाचा जन्म झाला. वडील मोटारी दुरुस्त करीत आणि आई शिक्षिका होती. त्या काळी तिथे गोऱ्यांचे आणि काळ्यांचे जग वेगळे होते. १९५९ साली नऊ वर्षांचा रॉन गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात गेला आणि त्याने विज्ञानाची पुस्तके निवडली. ग्रंथपाल बाईंनी सांगितले की काळ्यांना येथून पुस्तके मिळत नाहीत. रॉन हलला नाही. तिथेच बसून राहिला. बाईंनी पोलिसांना बोलावले, त्याच्या आईलाही निरोप गेला. पोलीस आले आणि त्यांना दिसले काय, तर पुस्तकासाठी हटून बसलेले एक पोर! अखेर त्याला पुस्तके मिळाली. पाण्याला हात लावण्याची बंदी काय असते हे ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे, त्यांना पुस्तकाला हात लावण्याच्या बंदीचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

हाच मुलगा पुढे नॉर्थ कॅरोलिनातील कृष्णवर्णीयांच्या एका विद्यापीठातून १९७१ साली भौतिकशास्त्राचा पदवीधर झाला. तेथून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या जगप्रसिद्ध संस्थेत गेला आणि १९७६ साली लेसर किरणांवरील संशोधनासाठी त्याने पीएच.डी. मिळवली. तेथे असताना संशोधनाची टिपणे असलेली त्याची पिशवी चोरीला गेल्याचे सांगतात. त्याने सगळे प्रयोग पुन्हा केले. १९७८ साली अंतराळवीर म्हणून त्याची निवड झाली आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये तो अंतराळात जाऊन आला. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' यानाचा उड्डाणानंतर ७३ सेकंदांतच नाश झाला आणि मॅकनेअर यांच्यासह सातही जण मृत्यू पावले. ज्या इमारतीत त्यांना पुस्तक नाकारले होते, तिथे आज त्यांच्याच नावाचे स्मृती-संग्रहालय आहे.

२. त्यांच्या नावाची योजना

मॅकनेअर यांचे दुसरे स्मारक या इमारतीहून मोठे आहे. १९८६ सालीच अमेरिकेच्या संसदेने त्यांच्या नावाने एक योजना कायद्यात घातली आणि १९८९ पासून तिचे काम प्रत्यक्ष सुरू झाले. पुढे दीडशेहून अधिक महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत ती पोहोचली.

ही योजना एकाएकी आली नाही, हे ध्यानात घ्या. १९६४ आणि १९६५ साली गरीब मुलांना कॉलेजच्या दारापर्यंत आणण्यासाठी दोन योजना निघाल्या. मग दिसून आले की मुले आत येतात, पण मध्येच गळतात. म्हणून १९६८ साली आत आलेल्यांना टिकवण्याची तिसरी योजना आली. त्यानंतरही एक गोष्ट उरली. मुले पदवीधर होत, पण पदव्युत्तर शिक्षणाला आणि डॉक्टरेटला फार थोडी जात. मग प्राध्यापक कोण होणार? नव्या पिढीला शिकवणार कोण? ती उणीव भरून काढण्यासाठी मॅकनेअर यांच्या नावाची योजना आली.

तिची अट पाहा. 'पहिल्या पिढीचा विद्यार्थी' म्हणजे ज्याच्या आई-वडिलांपैकी कोणाकडेही चार वर्षांची पदवी नाही तो, अशी तिथे व्याख्या आहे. योजनेतील किमान दोन-तृतीयांश विद्यार्थी हे कमी उत्पन्नाच्या घरातले आणि पहिल्या पिढीचे असले पाहिजेत, असे कायद्याने ठरवले. उरलेल्या जागा पदव्युत्तर शिक्षणात ज्या समाजगटांचे प्रमाण अल्प आहे, त्यांच्यासाठी ठेवल्या. आणि यशाचे माप काय? पदवी मिळाल्यापासून दहा वर्षांच्या आत किती विद्यार्थ्यांनी डॉक्टरेट मिळवली, हेही मोजायचे! म्हणजे योजना एका परीक्षेचा नव्हे, तर दहा वर्षांच्या वाटचालीचा विचार करते.

३. तिथे विद्यार्थी काय करतो?

पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी निवडला जातो. त्याला एका प्राध्यापकाच्या हाताखाली दिले जाते. शोधनिबंध कसा वाचायचा, प्रश्न कसा मांडायचा, हे त्याला शिकवले जाते. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत काही आठवडे तो त्या प्राध्यापकाबरोबर संशोधन करतो. या कामासाठी त्याला विद्यावेतन मिळते. वर्षाला २,८०० डॉलरपर्यंत ते देता येईल, असे कायद्यात लिहिले. या विद्यावेतनाचे महत्त्व आपल्याला चटकन कळेल. गरीब घरातील मुलगा सुट्टीत हॉटेलात किंवा गोदामात काम करून पुढच्या वर्षाचा खर्च उभा करतो. त्याला नुसते 'संशोधन कर' म्हणून भागत नाही. त्याची बुडणारी मजुरी भरून द्यावी लागते.

संशोधन म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. समजा, एका मुलीची आई हॉटेलातल्या खोल्या साफ करते आणि तिची पाठ नेहमी दुखते. मुलगी समाजशास्त्र शिकते. तिच्या मनात येते, हे दुखणे एकट्या आईचे की सगळ्याच बायांचे? हा झाला प्रश्न. मग ती शोधते की याविषयी पूर्वी कोणी काय लिहिले आहे. मग ठरवते, किती बायांना विचारायचे, कोणते प्रश्न विचारायचे, आणि कोणालाही त्रास न होता कसे विचारायचे. मग ती उत्तरे मांडते, मोजते, तपासते. आपल्याला वाटले होते त्याच्या उलट काही निघाले, तर तेही लिहिते. शेवटी ती चार विद्वानांसमोर उभी राहून आपले म्हणणे मांडते आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देते.

या प्रत्येक पायरीवर त्या मुलीत काय बदल होतो, ते पाहा. आजवर ती दुसऱ्यांनी लिहिलेले पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरवत होती. आता जे कोणालाच ठाऊक नव्हते, ते ती स्वतः शोधून सांगते आहे. आणि तिच्या आईचे दुखणे, ज्याविषयी घरात कोणी बोलतही नव्हते, ते अभ्यासाचा विषय झाले आहे. 'हे जग आपल्यासाठी नाही' अशी जी भीती पहिल्या पिढीच्या मुलाच्या मनात खोल बसलेली असते, ती उपदेशाने जात नाही. काम करून दाखवले म्हणजेच ती जाते.

याशिवाय योजनेत आणखी एक शिकवण दिली जाते. ती म्हणजे अर्ज करण्याची. आपले उद्दिष्ट सांगणारे निवेदन कसे लिहायचे, प्रवेश-परीक्षेची तयारी कशी करायची, कोणते विद्यापीठ निवडायचे. अमेरिकेत अनेक विषयांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला शिक्षण-शुल्क माफ असते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल वेतनही मिळते. सुशिक्षित घरातील मुलांना हे ठाऊक असते. गरीब घरातील मुलाला वाटते की एवढे शिकायला फार मोठे कर्ज काढावे लागेल, आणि तो अर्जच करीत नाही. म्हणजे दार उघडे असते, पण ते बंद आहे असे समजून आपण परत फिरतो!

४. शिफारसपत्राचे मोल

पुढच्या शिक्षणासाठी प्राध्यापकांची शिफारसपत्रे लागतात. आता विचार करा. शंभर मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मुलाविषयी प्राध्यापक काय लिहिणार? 'विद्यार्थी हुशार आहे, वर्तन चांगले आहे.' असे पत्र कोणाच्याही उपयोगी पडत नाही. परंतु ज्या मुलाने त्या प्राध्यापकाबरोबर दोन महिने काम केले, त्याच्याविषयी ते लिहू शकतात की याने अमुक प्रश्न घेतला, तो अमुक अडचणीत सापडला आणि त्याने अशी वाट काढली. ओळखपाळख नसलेल्या घरातील मुलाला ही ओळख केवळ कामातूनच मिळते.

याचा दाखला आपल्याला फार दूर शोधावा लागत नाही. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा ते पदवीधर झालेले होते. तिथे त्यांनी नुसत्या परीक्षा दिल्या नाहीत. १९१५ साली प्राचीन भारतातील व्यापारावर प्रबंध लिहून ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. ज्या जातिव्यवस्थेचे चटके त्यांनी शाळेत सोसले होते, तिलाच त्यांनी अभ्यासाचा विषय केले आणि जगातील विद्वानांसमोर ती उलगडून दाखवली. पंचवीस वर्षांच्या तरुणाचे ते काम आजही जगभर वाचले जाते. पुढे ते लंडनला निघाले, तेव्हा कोलंबियाच्या प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले. सेलिग्मन यांनी त्यांचे काम डोळ्यांनी पाहिले होते, म्हणूनच त्या पत्राला वजन होते.

मॅकनेअर यांची टिपणे गेली, तसेच बाबासाहेबांचेही झाले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले, आणि त्यांचे सामान व पुस्तके घेऊन येणारे जहाज युद्धात बुडवले गेले. ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली त्यांनी डी.एस्सी. मिळवलीच. आपण त्यांची जयंती साजरी करतो. त्यांची अभ्यासाची रीत आपल्या घरात किती आली आहे, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

५. एकट्याने नव्हे, गटाने

अमेरिकेतील आणखी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. बाल्टिमोर शहराजवळ मेरीलँड विद्यापीठाची एक शाखा आहे. तिथे १९८८ साली फ्रीमन ह्राबोव्स्की या कृष्णवर्णीय गणितज्ञाने रॉबर्ट मायरहॉफ या दात्याच्या साहाय्याने विज्ञान शिकणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी एक योजना सुरू केली. पुढे ती सर्व वंशांच्या मुलामुलींसाठी खुली झाली. ह्राबोव्स्की स्वतः लहानपणी, १९६३ साली, बर्मिंगहॅमच्या मोर्चात सामील होऊन तुरुंगात गेले होते.

त्यांनी पाहिले की हुशार मुलेही विज्ञानात मागे पडतात, कारण ती एकटी अभ्यास करतात आणि अडले तर विचारायला लाजतात. म्हणून त्यांनी नियम केला की अभ्यास गटाने करायचा. कॉलेज सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात मुलांना एकत्र आणायचे, एकाने दुसऱ्याला शिकवायचे, आणि लवकरात लवकर प्रयोगशाळेत कामाला लावायचे. या योजनेतून पुढे अनेक डॉक्टर आणि शास्त्रज्ञ तयार झाले. विचारायला लाजणे हा आपल्याही मुलांचा मोठा शत्रू आहे. 'मला हे समजले नाही' असे म्हणण्याने जात उघडी पडते, अशी जी धास्ती त्यांच्या मनात असते, ती मित्रांच्या गटातच कमी होते.

६. आपल्या घरात काय करता येईल?

अमेरिकेची योजना जशीच्या तशी आपल्याकडे नाही. परंतु काही दारे आहेत, ती माहीत करून घ्या. महाराष्ट्रातील विद्यापीठांत २००६ पासून 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा भरते आणि तिच्यात पदवीचे विद्यार्थीही भाग घेतात. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती चालवत आल्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ सालच्या आराखड्याप्रमाणे चार वर्षांची पदवी घेता येते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधन करता येते. अशी चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवणाऱ्याला थेट पीएच.डी.साठी अर्ज करण्याची सोय आयोगाच्या २०२२ च्या नियमांत आहे, आणि अनुसूचित जातींना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. १९९० सालच्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती मिळतात, हे आपण जाणताच. नियम बदलत असतात, म्हणून दर वर्षी कॉलेजात जाऊन चौकशी करावी.

आता आई-वडिलांना चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट, मुलाला किंवा मुलीला निदान एक उन्हाळा द्या. त्या दोन महिन्यांची कमाई बुडेल, हे खरे. परंतु तेवढा काळ प्राध्यापकाबरोबर काम केले, तर पुढच्या दहा वर्षांची दिशा मिळू शकते. मुलगी असेल तर 'एवढे शिकून काय करायचे, स्थळ आले आहे' असे म्हणून तिला मध्येच उठवू नका.

दुसरी गोष्ट, तिला प्राध्यापकांकडे जाण्याचे धैर्य द्या. 'सर, मला तुमच्या विषयात काम करायचे आहे, मी काय वाचू?' एवढे एक वाक्य पुरेसे आहे. एकाने नकार दिला तर दुसऱ्याकडे जावे.

तिसरी गोष्ट शीलाची आहे. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प विकत मिळतात आणि पुष्कळ मुले ते नाव बदलून देतात. दुसऱ्याची वस्तू न देता घेणार नाही, असे आपण पंचशीलात म्हणतो. दुसऱ्याचे लिखाण आपले म्हणून देणे हीदेखील चोरीच होय. आणि त्यात सर्वांत मोठे नुकसान मुलाचे स्वतःचेच होते, कारण तो प्रश्न विचारायला शिकतच नाही.

चौथी गोष्ट, जो पुढे गेला त्याने मागे वळून पाहावे. आपल्या वस्तीत कोणी एम.ए. झाले असेल, कोणी पीएच.डी. करीत असेल, तर त्याला महिन्यातून एकदा विहारात बोलवा. त्याने भाषण करू नये. मुलांना अर्ज कसा भरायचा, शिष्यवृत्तीची तारीख कोणती, प्रबंध कसा असतो, हे दाखवावे. आपल्या घरांना वारशाने जे मिळाले नाही, ते अशा रीतीने वस्तीकडून मिळेल.

प्रत्येक मुलाने डॉक्टरेट घ्यावी असे आमचे म्हणणे नाही. प्रामाणिक नोकरी आणि कष्ट यांचा मान कमी नाही. परंतु ज्याची बुद्धी पुढे जाऊ पाहते, तो केवळ वाट माहीत नाही म्हणून थांबला, तर ती हानी त्याच्या एकट्याची नसते. त्याच्यामागून येणाऱ्या शंभर मुलांना वाट दाखवणारा एक माणूस कमी होतो.

अभ्यासासाठी प्रश्न

(रविवारच्या वंदनेनंतर घरातील सर्वांनी मिळून यांवर बोलावे.)

१. आपल्या घरात आणि नात्यात पहिला पदवीधर कोण? पदवीनंतर त्याला कोणी वाट दाखवली?

२. गरीब विद्यार्थ्याला संशोधनासाठी विद्यावेतन का द्यावे लागते?

३. आपल्या मुलाच्या कॉलेजातील किती प्राध्यापक त्याला नावाने ओळखतात?

४. आपल्या वस्तीतील असा कोणता प्रश्न आहे, जो आपल्या मुलीने मोजावा, तपासावा आणि लिहावा असे तुम्हाला वाटते?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलीलाच विचारा. तिने जे सांगितले ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि ती वही घेऊन तिला तिच्या प्राध्यापकांकडे पाठवा.